पंखा सगळ्यात शेवटी

१९७१ साली अमेरिकेत शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीसाठी मिळणाऱ्या एलटी-१ इंजिनाची ताकद दोन आकड्यांत सांगितली जाई. एक ३३० अश्वशक्ती, दुसरा २७५. इंजिन तेच, ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं. फरक होता मोजण्याच्या रीतीत. पहिला आकडा इंजिन चाचणीच्या बाकावर एकटं चालवून घेतलेला. त्या वेळी त्याच्या अंगावर पंखा नसे, अल्टरनेटर नसे, मागे गाडीतला सायलेन्सर नसे. दुसरा आकडा हा सगळा संसार सोबत घेऊन धावणाऱ्या इंजिनाचा. १९७२पासून अमेरिकी कंपन्या हा दुसरा, जास्त प्रामाणिक आकडाच छापू लागल्या. मधल्या ५५ अश्वशक्तींतला मोठा वाटा धूर बाहेर जाण्याच्या आणि हवा आत येण्याच्या वाटेतल्या अडथळ्यांचा होता, पंख्याचा त्यामानाने लहान. पण सायलेन्सर गाडीखाली दडलेला असतो आणि पंखा बॉनेट उघडताच समोर गरगरताना दिसतो. त्यामुळे जुन्या दमदार गाड्यांच्या शौकिनांत बदनाम झाला तो पंखाच. तो ताकद खातो ही एक तक्रार, आणि गाडी तापते म्हणजे तो कमी पडतो ही दुसरी. दोन्हींवर औषध एकच सांगितलं जातं : मूळचा पंखा काढा, नवा बसवा. मला हा क्रमच उलटा वाटतो. अशा इंजिनाच्या थंडाव्याच्या व्यवस्थेत पंखा ही सगळ्यात शेवटी निवडायची वस्तू आहे. आधीच्या गोष्टी नीट लावल्या, तर निवड बहुतेक वेळा कारखान्याने त्या काळी केली होती तिथेच येऊन थांबते.

पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेचे ढोबळ मानाने तीन वाटे पडतात. एक इंजिन फिरवण्याच्या कामी येतो, एक धुरासोबत बाहेर जातो आणि तिसरा सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. पाणी तो रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे हवेच्या स्वाधीन करतं. इथेच खरी अडचण आहे, कारण हवा हा फार हलका हमाल आहे. एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलतं, तेवढ्याच अंशांनी तापून तेवढीच उष्णता उचलायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. एवढी हवा रेडिएटरच्या जाळीतून ढकलणं हे थंडाव्याचं सगळ्यात कठीण काम, आणि गाडी धावत असेल तर ते काम वारा फुकटात करतो. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत पंखा असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नाही. पंखा लागतो तो सिग्नलला, घाटातल्या रांगेत, लग्नाच्या वरातीमागे अडकलेल्या गाडीत. म्हणून पंख्याच्या दुकानात जाण्याआधी मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : गाडी उभी असताना तापते की धावताना?

धावताना तापत असेल तर पंख्याचं नाव काढायचं कारण नाही. तेव्हा दोष बहुतेक वेळा रेडिएटरच्या नळ्यांत साचलेल्या क्षारात असतो, घसरणाऱ्या बेल्टमध्ये असतो, किंवा खालच्या होज पाइपात. हा खालचा पाइप वॉटर पंपाच्या शोषणाच्या बाजूला असतो. तो जुना होऊन मऊ पडला आणि त्याच्या आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल किंवा कुणी कधीतरी काढून टाकली असेल, तर इंजिनाचे फेरे वाढताच तो चोखलेल्या आंब्याच्या सालीसारखा चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद होते. गाडी थांबवून बॉनेट उघडलं की पाइप पुन्हा गोल, निर्दोष दिसतो. हा दोष पकडायचा तर इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून पाइपाकडे पाहत राहावं लागतं. आणखी एक चोर म्हणजे रेडिएटरच्या कडांच्या रबरी पट्ट्या. हवा आळशी असते, तिला जाळीतून जाण्यापेक्षा शेजारच्या फटीतून जाणं सोपं वाटतं. कॉर्व्हेटसारख्या चपट्या नाकाच्या गाडीत या पट्ट्या म्हणजे सजावट नव्हे. त्या हवेला जाळीकडे वळवणारे बांध आहेत. पन्नास वर्षांत गाडी तीनदा रंगवली गेली की त्या हमखास गायब झालेल्या असतात, आणि त्यांचा खर्च नव्या पंख्याच्या मानाने किरकोळ असूनही त्या परत लावायचं कुणाला सुचत नाही.

आता उभ्या गाडीकडे. इथे थोडा हिशेब मांडायला हवा, कारण उभ्या इंजिनाला किती हवा लागते याबद्दलच्या कल्पना फार फुगलेल्या असतात. पाच-सहा लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला तासाला अडीच लिटर पेट्रोल पितं असं धरू. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एकूण जळण झालं सुमारे २२ किलोवॅटचं, आणि त्यातला पाण्यात उतरणारा तिसरा वाटा सातेक किलोवॅट. बाहेर ४० अंशांचा उन्हाळा आहे आणि जाळीतून जाणारी हवा ४० अंशांनी तापून बाहेर पडते असं मानलं, तर ही सात किलोवॅट उष्णता न्यायला सेकंदाला जेमतेम दीडशे लिटर हवा पुरते. पंख्यांच्या बाजारातल्या भाषेत सांगायचं तर मिनिटाला सव्वातीनशे घनफूट. त्याच बाजारात पंखे विकले जातात अडीच-तीन हजार घनफुटांचा आकडा छापून. वातानुकूलन असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसून आधीच तापलेली हवा आत सोडतो. घाट चढून आलेलं इंजिन टोलनाक्यावर उभं राहिलं, तर अडीचशे किलोंच्या ओतीव लोखंडात साठलेली उष्णताही सवकाशीने पाण्यात उतरत राहते. म्हणून गरजेच्या तिप्पट हवा हाताशी ठेवा, वाटल्यास चौपट. तरी आकडा हजार-तेराशेच्या घरातच राहतो. मग जुन्या गाड्या चौकात उभ्या असताना उकळतात कशा?

त्या उकळतात कारण पंखा हवा हलवतो, पण जाळीतून ओढत नाही. भोवती घेर नसलेला उघडा पंखा हवेच्या दृष्टीने फार विचित्र जागी असतो. समोर रेडिएटरची दाट जाळी, मागे इंजिनाचा तापलेला पुढचा भाग, आणि पात्यांच्या टोकांभोवती मोकळं मैदान. पात्यांनी मागे फेकलेली हवा इंजिनावर आपटून कडेने पुन्हा पुढे येते आणि तीच गरम हवा पंखा पुन्हा ओढतो. आवाज भरपूर, वारा भरपूर, आणि जाळीच्या चारही कोपऱ्यांत मात्र हवा निपचित. यावर उपाय म्हणजे श्राउड, रेडिएटरच्या मागच्या अंगाला लावलेलं नरसाळ्यासारखं आवरण. त्यामुळे पंख्याने मागे फेकलेली प्रत्येक घोटभर हवा जाळीतूनच यावी लागते, आणि गोल पंखा चौकोनी जाळीच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो. पात्यांची रुंदी साधारण निम्मी आवरणाच्या आत आणि निम्मी बाहेर असावी, आणि टोकांभोवती इंचभर फट. फट याहून कमी केली तर हवा आणखी बरी ओढली जाईल, पण इंजिन रबरी पायांवर डुलतं आणि श्राउड रेडिएटरसोबत बॉडीला घट्ट बसलेला असतो. जोरात ॲक्सिलरेटर दिला की इंजिन कलतं आणि पातं प्लॅस्टिक कुरतडायला लागतं. श्राउड काम करतो की नाही हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. गरम इंजिन आयडलिंगला ठेवायचं, रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वहीचा एक कागद जाळीजवळ धरायचा. मध्यभागी तो चिकटणारच. कोपऱ्यांतही चिकटला तर श्राउड बरोबर आहे. कोपऱ्यात कागद गळून पडत असेल, तर पंखा कितीही मोठा आणा, तो रेडिएटरच्या निम्म्याच भागाला हवा देणार.

याच ठिकाणी एक वेगळाच साक्षीदार बोलवायला हवा : ठिणगीची वेळ. साठच्या दशकाच्या अखेरीस धुरातलं प्रदूषण कमी करण्यासाठी अमेरिकी कंपन्यांनी आयडलिंगला ठिणगी उशिरा पाडायला सुरुवात केली. ठिणगी उशिरा पडली की जळणही उशिरा संपतं आणि दट्ट्याला ढकलण्यात जायची ऊर्जा एक्झॉस्टच्या वाटेवरल्या भिंती तापवण्यात जाते. हे कंपन्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पाण्याच्या वाटेवर एक छोटा स्विच असे. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की तो डिस्ट्रिब्युटरला इंजिनाचा पूर्ण व्हॅक्यूम जोडून देई. ठिणगी लवकर पडू लागे, आयडलिंगचे फेरे आपोआप वाढत, पंखा आणि वॉटर पंप दोन्ही जरा वेगाने फिरत आणि सुई खाली येई. म्हणजे उभ्या गाडीच्या तापण्यावर खुद्द बनवणाऱ्यांनी केलेला उपाय पंख्याला हात न लावता केलेला होता. आज अशा गाडीत तो स्विच मोडलेला असतो, त्याच्या रबरी नळ्या खिळा घालून बंद केलेल्या असतात, आणि मालक मात्र पंख्यांची जाहिरात वाचत बसलेला असतो.

सुईबद्दलही एक शब्द. सुई ९५ अंशांवर गेली की काहींच्या छातीत धस्स होतं. पण त्या काळातल्या कित्येक इंजिनांचा थर्मोस्टॅटच ९१ अंशांना उघडणारा होता. रेडिएटरच्या झाकणाचा दाब १५ पौंडांचा असेल तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं त्याहून पुढे जातं. ९५ अंश हा आजार नाही. १०५च्या पुढे चढत राहणारी सुई हा आजार आहे.

हे सगळं नीट केल्यावरच पंख्याकडे वळायचं. आता ताकद खाण्याचा आरोप तपासू, कारण तो खोटा नाही. पंख्याचं गणित निर्दय आहे. फेरे दुप्पट झाले की हवा दुप्पट होते, पण पंखा फिरवायला लागणारी ताकद आठपट होते. फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. एखादा घट्ट बसवलेला पंखा ७०० फेऱ्यांना फक्त २० वॅट घेत असेल, एका लहान बल्बाएवढे, तर ५,६०० फेऱ्यांना, म्हणजे आठपट वेगाला, तो पाचशे बारापट घेणार. झाले दहा किलोवॅट, जवळपास चौदा अश्वशक्ती. तीही अशा वेळी, की गाडी जोरात पळतेय आणि पंख्याची गरजच नाही. कायमचा जोडलेला पंखा या अर्थाने जुन्या जहागिरीतल्या मानकऱ्यासारखा आहे : लढाई नसतानाच खर्च जास्त. यावर एक जुनी तोड म्हणजे लवचिक पात्यांचा पंखा. त्याची पातळ पोलादी पाती वेग वाढला की चपटी होतात आणि हवेला कमी भिडतात. कल्पना हुशार आहे, पण मला तो पसंत नाही. पातं हजारो वेळा वाकून सरळ होतं म्हणजे धातू थकतो. रिव्हेटच्या भोकाजवळ केसाएवढी चीर पडते, आणि एक दिवस सहा हजार फेऱ्यांना सुटलेलं पातं रेडिएटर फाडतं किंवा बॉनेटमधून वर येतं. असा पंखा असलेल्या इंजिनाच्या बाजूला उभं राहून ॲक्सिलरेटर ओढणारे लोक पाहिले की जीव टांगणीला लागतो.

साठच्या दशकात कॉर्व्हेटवर आणि इतर दमदार गाड्यांवर कारखान्यातून येणारं उत्तर होतं थर्मोस्टॅटिक व्हिस्कस क्लच. आपल्याकडे ट्रक आणि बसच्या इंजिनांवर तो आजही आहे. गॅरेजमध्ये त्याला नुसतं व्हिस्कस फॅन म्हणतात. पंखा आणि पुली यांच्यामध्ये एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा असतो. आत खाचा पाडलेली तबकडी आणि काकवीसारखं दाट सिलिकॉनचं तेल. डब्याच्या समोरच्या तोंडावर, रेडिएटरकडे बघणारी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी दिसते. ती दोन धातूंची असते, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते तशीच. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की पट्टी पिळते, आतली झडप उघडते, तेल खाचांत शिरतं आणि त्याच्या चिकटपणामुळे पुलीसोबत पंखा ओढला जातो. हवा थंड झाली की तेल मागच्या कप्प्यात परततं आणि पंखा नावापुरता फिरत राहतो. वेग फारच वाढला तर तेल आपणहून घसरतं, पंखा पुलीच्या मागे पडतो आणि घनाच्या त्या गणितातून सुटका होते. ना तार, ना स्विच, ना फ्यूज. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तंत्राने इतक्या थोडक्यात एवढा शहाणपणा बसवलेला मला दुसरीकडे फारसा दिसत नाही. मात्र एक गोष्ट विसरायची नाही : ही पट्टी पाण्याचं तापमान पाहत नाही, जाळीतून आलेल्या हवेचं पाहते. श्राउड नसेल आणि कडेची थंड हवा मिसळत असेल, तर पट्टीला वाटतं सगळं आलबेल आहे. म्हणून श्राउड काढलेल्या गाडीत व्हिस्कस क्लच आळशी वाटतो आणि बिचारा विनाकारण भंगारात जातो.

हा क्लच जिवंत आहे की मेला हेही हातानेच कळतं. इंजिन बंद आणि थंड असताना पातं धरून फिरवायचं. चिखलात चमचा फिरवल्यासारखा अडखळला तर ठीक. छताच्या पंख्यासारखा चार-पाच गिरक्या घेत राहिला तर आतलं तेल गेलेलं आहे. ते कुठून गेलं हेही दिसतं. पट्टीच्या मधल्या दांड्यापासून बाहेरच्या कडेकडे धूळ चिकटलेल्या तेलकट रेषा गेलेल्या असतात, सूर्याच्या किरणांसारख्या. उलट, सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर पंखा मिनिटभर विमानासारखा घोंघावला आणि मग गप्प झाला, तर घाबरू नये. रात्रभरात तेल खाचांत उतरून बसलेलं असतं, ते परतायला तेवढा वेळ लागतो. आणि पंख्याची सात पाती एकमेकांपासून सारख्या अंतरावर नाहीत असं दिसलं, तर तो बनावटीचा दोष समजू नये. अंतर सारखं असतं तर सगळ्या पात्यांचा आवाज एका सुरात मिसळून भोंगा वाजला असता. असमान अंतराने तो सूर मोडतो.

इथे शहाणा वाचक विचारेल, आणि त्याने विचारायलाच हवं, की मग आजच्या सगळ्या मोटारींत इलेक्ट्रिक पंखे का? नव्या गाड्यांनी जे स्वीकारलं ते जुन्यांना का नको? याचं उत्तर इंजिनाच्या बैठकीत आहे. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं, त्याचा दांडा चाकांच्या दिशेने असतो आणि रेडिएटर समोर. त्या दांड्यावरचा पंखा रेडिएटरकडे पाहूच शकत नाही. १९५९च्या ब्रिटिश मिनीने आडवं इंजिन ठेवून पंखाही इंजिनावरच ठेवला होता, आणि त्यासाठी रेडिएटरच डाव्या चाकाच्या कप्प्याकडे वळवून बसवला होता! बाकीच्यांनी सोपा मार्ग धरला, विजेचा पंखा. मुंबईत बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उभ्या दिशेने होतं, तिला बेल्टवरचा पंखा पुरला. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर पंख्याला वेळेवर चालू-बंद करतो आणि इंधनाचा थेंब न् थेंब वाचवतो हेही खरं. पण त्यांचा अल्टरनेटर शंभर अँपियर आणि त्याहून जास्तीचा असतो. १९६०च्या दशकातल्या कित्येक जनरल मोटर्स गाड्यांना ३७ अँपियरचा अल्टरनेटर मिळे, आणि तोसुद्धा आयडलिंगला त्यातला थोडाच भाग देई. एक चांगला मोठा इलेक्ट्रिक पंखा एकटाच २५ अँपियर मागतो. रात्र आहे, हेडलाइट चालू आहेत, पाऊस पडतोय म्हणून वायपर चालू आहेत आणि गाडी चौकात उभी आहे. नेमक्या याच क्षणी पंख्याला सगळ्यात जास्त वीज लागते आणि नेमक्या याच क्षणी अल्टरनेटर सगळ्यात कमी देतो. फरक बॅटरी भरून काढते, ती आहे तोवर.

इलेक्ट्रिक पंखा ताकद वाचवतो या दाव्यात तथ्य आहे, पण ते घट्ट बसवलेल्या पंख्याशी तुलना केली तर. २५ अँपियर आणि साडेतेरा व्होल्ट म्हणजे ३४० वॅट. अल्टरनेटरमध्ये जवळजवळ तेवढीच ऊर्जा वाया जाते असं धरलं तरी इंजिनावर भार पडतो एका अश्वशक्तीच्या आतला. चौदाच्या मानाने हे फारच स्वस्त. व्हिस्कस क्लचशी तुलना केली की मात्र ही दरी आटते, कारण गरज नसताना तोही सैल सुटलेला असतो. शिवाय विजेच्या पंख्याच्या डब्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेत, समोर जाळी नसताना मोजलेला असतो. जाळी आणि कंडेन्सर समोर आले की तो बराच खाली येतो, कारण साडेतीनशे वॅटच्या मोटरीकडे अडथळ्याविरुद्ध झगडायला अंगात जोर कमी असतो. तरीही एक गुण त्याचाच, आणि तो मान्य करायला हवा. इंजिन ७०० फेऱ्यांवर रेंगाळत असलं तरी विजेचा पंखा आपल्या पूर्ण वेगाने फिरतो. दिवसभर खोळंबलेल्या रहदारीत फिरणाऱ्या गाडीला हा गुण फार मोलाचा आहे.

तो जुन्या काळाशी विसंगत आहे असंही नाही. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार ई-टाइपला पहिल्या दिवसापासून विजेचा पंखा होता, थर्मोस्टॅटच्या स्विचवर चालणारा. लांबलचक नाकाच्या टोकाला रेडिएटर, आणि त्याच्या मागे बऱ्याच अंतराने सहा सिलिंडरचं इंजिन. जॅग्वारला तो सोयीचा वाटला. पण तीच ई-टाइप गर्दीत तापण्याबद्दलही प्रसिद्ध झाली. ३.८ लिटरच्या गाडीत डायनमो होता, अल्टरनेटर नव्हे. तो १९६४ मध्ये ४.२ लिटरच्या इंजिनासोबत आला, आणि १९६८च्या दुसऱ्या मालिकेत एकाऐवजी दोन पंखे बसवले गेले. पंखा इलेक्ट्रिक आहे म्हणून गाडी थंड राहते असं नाही, हे खुद्द जॅग्वारला सात वर्षांत उमगलं. तेव्हा ई-टाइपच्या मालकाने इलेक्ट्रिकच ठेवावा, फक्त मोटर आणि पाती आजची घ्यावीत. ज्याच्या गाडीत मोठं इंजिन कोंबल्यामुळे वॉटर पंप आणि रेडिएटर यांच्यात व्हिस्कस क्लच मावण्याइतकी जागाच उरली नाही, त्यानेही इलेक्ट्रिकच घ्यावा. पण मग पूर्ण घ्यावा. जाळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी टोचून टांगलेला एकटा पंखा म्हणजे पुन्हा तेच, मध्यभागी वारा आणि कोपरे कोरडे. पूर्ण आवरण हवं, त्यात वेगात वाऱ्याने उघडणाऱ्या रबरी झडपा हव्यात. नाहीतर चौकात थंड राहणारी गाडी महामार्गावर तापायला लागते, कारण आवरणाने वाऱ्याचीच वाट बंद केलेली असते. रिले हवा, जाड तार हवी, मोठा अल्टरनेटर हवा. पंखा रेडिएटरच्या मागे बसवून हवा ओढणारा असावा. पुढे बसवून ढकलणारा पंखा धावत्या गाडीत वाऱ्याच्या आड येतो. तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा निमूटपणे उलटा फिरत राहतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो. इथेही कागदच खरं सांगतो. आणि स्विचचं तापमान थर्मोस्टॅटच्या वर हवं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असेल तर पंखा ९३च्या आसपास चालू व्हावा, ८५-८६ला बंद व्हावा. तो ८० अंशांना बंद होणारा लावला तर कधीच बंद होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाण्याला तिथवर उतरूच देत नाही.

शर्यतीच्या गाड्यांचा दाखला नेहमी दिला जातो : त्यांच्यात बेल्टवरचा पंखा कुठे असतो? नसतो, कारण शर्यतीची गाडी उभी राहत नाही, आणि उभी राहिली तर तिच्या नाकासमोर बाहेरून पंखा आणून ठेवणारी माणसं असतात. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीचं इंजिन तर काही सेकंदांत आपलं काम संपवतं. पाणी तापायला लागायच्या आत शर्यत आटोपलेली असते. वर्षातून दोनदा ट्रॅकवर आणि उरलेले दिवस शहरात फिरणाऱ्या गाडीने त्या गाड्यांकडून रंग उचलावेत, पंखा उचलू नये.

१९७०च्या सुमाराच्या, मूळच्या जागी मूळचंच आठ सिलिंडरचं इंजिन असलेल्या गाडीसाठी मग माझी शिफारस अशी. १८ इंची, सात पात्यांचा पंखा, थर्मोस्टॅटिक व्हिस्कस क्लच, त्या गाडीसाठी बनलेला श्राउड, चारही कडांच्या नव्या रबरी पट्ट्या. क्लच विकत घेताना तापमानावर चालणारा आहे ना, हे विचारून घ्यायचं. तसाच दिसणारा पण पट्टी नसलेला स्वस्त क्लचही मिळतो. तो फक्त जास्त वेगाला घसरतो, गाडी थंड असताना सुटत नाही. सगळं बसवून झाल्यावर मे महिन्यातली एखादी दुपार निवडायची आणि गाडी अर्धा तास शहरातल्या सगळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर न्यायची. काच थोडी खाली ठेवायची. सुई शंभरीकडे सरकू लागली की पुढून एक घोंघाट ऐकू यायला हवा, आणि पाच-सात मिनिटांत तो ओसरून सुई मागे यायला हवी. घोंघाट ऐकू आला पण सुई मागे आली नाही, तर कागद घेऊन पुन्हा कोपरे तपासायचे.